आजींनी चाखलेला भोपळा

मी सुरी बोलतेय. दचकू नका, आज कुणाला कापायला आलेले नाही. वीतभर लांबीची, टोकाला किंचित वाकलेली आणि धारेच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारी अशी मी एक साधी भाजी कापायची सुरी आहे. मनातलं बोलायची मला सवय नाही. पण या पानगळीत जे घडलं, ते पोटात ठेवून मला स्वस्थ पडून राहता येत नाही.

माझा जन्म एका मोडक्या करवतीतून झाला. लोहाराने तिचं पातं तोडलं, तापवलं, ठोकलं आणि दगडावर घासून घासून मला आकार दिला. मूठ नाशपतीच्या लाकडाची. ती जरा वाकडी बसली म्हणून तो काढून दुसरी लावणार होता, पण मला घ्यायला आलेल्या बाईंनी हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे, माझ्या बोटांना बरोबर बसतेय. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि सगळं शेत त्यांना आजी म्हणतं.

शेत म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागतात, आणि आजी चालत असतील तर वीस. पण त्याची रीत वेगळी आहे. एकेचाळीस कुटुंबं वर्षाच्या सुरुवातीलाच इथली सभासद होतात आणि मग दर गुरुवारी आपापली टोपली घेऊन भाजीचा वाटा न्यायला येतात. पीक भरघोस आलं तर टोपली ओसंडते, गारांनी झोडपलं तर सगळेच सारखे हात हलवत जातात. शेडमध्ये विकणारं कुणी नसतं. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, गाजर एक जुडी, बीट चार, कोबी एक. लोक वाचतात, मोजून उचलतात, आपल्या क्रमांकापुढे खडूने खूण करतात आणि घरी जातात.

शेत सांभाळते आजींची सूनबाई. मुलगा दिवसभर गावातल्या कारखान्यात असतो. सूनबाई म्हणजे नुसती धावपळ. तिला बसलेली पाहिलीय अशी शेडमध्ये एकही वस्तू नाही.

आणि आजींचं काम चाखण्याचं. कुठल्याही वाफ्यातली पहिली भाजी आजींनी चाखल्याशिवाय फळ्यावर चढत नसे. माझ्याच पात्याने त्या एक पातळ फोड काढायच्या, कच्चीच तोंडात टाकायच्या आणि डोळे मिटायच्या. मग निकाल यायचा. "ही काकडी कुणावर तरी रुसलीय, दोन दिवस पाणी द्या." "या मुळ्याला स्वतःचाच राग येतोय, लवकर उपटा." सूनबाई ऐकायची आणि फळ्यावर भाजीच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहायची, आजींनी चाखलं. सभासद भाजीच्या आधी ते दोन शब्द वाचायचे. मला मात्र कुणी वाचत नसे. असो.

एके काळी आजी पेरायच्या, खुरपायच्या, क्रेट उचलायच्या. गुडघे गेले तेव्हा खुरपणी सुटली. नजर अधू झाली तेव्हा बारीक बी पेरणं सुटलं. एकेक काम त्यांच्या हातून सुनेच्या हातात गेलं आणि शेवटी उरलं ते हे एवढंच, चाखणं. त्या ते कसं जपायच्या हे मी जवळून पाहिलंय.

या उन्हाळ्यात आजींना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होत्या. उठल्या, शेडमध्ये आल्या, मला उचललं आणि नेहमीसारखी एक फोड कापली. पण डोळे मिटले नाहीत. दोनदा चावलं असेल नसेल, लगेच म्हणाल्या, "छान आहे."

मला ते खटकलं. आजी आणि छान? इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी दोनदा ऐकला असेन.

चार दिवसांनी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. आजींनी दार लोटलं, लिंबू आणलं, माझ्या पात्याने उभं चिरलं आणि अर्धं लिंबू सालासकट चावलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मग जिभेवर चिमूटभर मीठ ठेवलं. मग मिरची. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते मिरचीचं नव्हतं. त्यांनी मला स्वच्छ पुसलं, जागेवर ठेवलं आणि लोटलेलं दार उघडलं.

त्यांनी सांगायचा प्रयत्नही केला होता, हे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. एकदा जेवताना विचारलं, आज भाजीत मीठ कमी आहे का? सुनेने वरून मीठ घातलं. मुलगा हसून म्हणाला, आई म्हणतेय म्हणजे कमीच असणार. सगळ्यांनी ती खारट भाजी मुकाट्याने खाल्ली. त्यानंतर आजींनी विषय काढला नाही. आणि मी हे असं सगळं जाणून गप्प. तोंड नसणं ही माझी एकमेव अडचण आहे, बाकी मला सगळं येतं.

आता भोपळ्यांचं सांगते. गेल्या वर्षी कुणाच्या तरी हौसेखातर फाटकाजवळ शोभेच्या भोपळ्यांचा वेल लावला होता. ते छोटे, रंगीबेरंगी, चवीला कडू, खायचे नव्हेत तर मांडून ठेवायचे. शेजारीच खायच्या भोपळ्यांचा वाफा. मधमाश्यांना काय, त्या इकडचे पराग तिकडे नेत फिरल्या. मग आजींनी सवयीने सगळ्यात देखण्या खायच्या भोपळ्याचं बी धरून ठेवलं आणि या वर्षी सूनबाईने तेच पेरलं. वेल जोमाने वाढले. फळं धरली. काही किंचित लांबट होती, पण भोपळा थोडा आडवातिडवा असायचाच, तिकडे कोण बघतो.

पानगळीतला तो बुधवार होता. सकाळीच बातमी आली की रात्री पारा उतरणार आणि दव गोठणार. गोठलेल्या दवात भोपळा सापडला की टिकत नाही. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर ती एकटी वेलांवरून भोपळे तोडत होती, हातगाडीवर घालत होती, शेडमध्ये ओतत होती. घरी धरलेल्या बियाण्याचे, विकत आणलेल्या बियाण्याचे, सगळे एकाच ढिगात. वेगळे ठेवायला वेळ कुणाला होता? संध्याकाळी तिने ढिगातला एक भोपळा आजींपुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, एवढा चाखा, म्हणजे फळा लिहून मोकळी होते."

आजींनी मला उचललं. मी भोपळ्यात शिरले आणि त्याच क्षणी मला कळलं.

सुरीला कुठे चव कळते, असं तुम्ही म्हणाल. इतकी वर्षं भाज्यांच्या पोटात शिरल्यावर तुम्हालाही कळली असती. तो रस गोड नव्हता. माझ्या पात्याला चिकटलेला तो रस इतका कडू होता, की मला स्वतःलाच झटकून टाकावंसं वाटलं. कडू दुधी खाऊन माणसं कशी आजारी पडतात हे तुम्ही ऐकलं असेल. भोपळ्याचा कडूपणाही त्याच घराण्यातला. शिजवून जात नाही, मसाल्याने मरत नाही.

आजींनी नखाएवढी फोड तोंडात टाकली. मी मनात ओरडत होते, थुंका, आजी, थुंका. त्या चावत होत्या. सूनबाई हातात खडू घेऊन उभी होती. तिचं लक्ष बाहेरच्या आभाळाकडे होतं.

"गोड आहे," आजी म्हणाल्या.

सूनबाईने लिहिलं, भोपळा एक, आजींनी चाखला. मग मला फडक्याने पुसलं, आणि ते फडकं तसंच कोपऱ्यात फेकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आजींच्या पोटात कळ आली, त्या म्हणाल्या काल शिळं खाल्लं गेलं. कुणी जास्त विचारलं नाही.

गुरुवारी दहा ते दोन, सभासद येत राहिले. मी टेबलावर पडून पाहत होते. एकेक भोपळा टोपलीत जात होता. एका बाईने तर आजींच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, तुमच्या जिभेवर आमचं घर चालतं. आजी हसल्या नाहीत. त्या फळ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला माहीत नाही.

चार वाजता फोन वाजला. सभासदांमधली एक परिचारिका. तिची रात्रपाळी असते म्हणून ती लवकर स्वयंपाक करते. ती शांतपणे बोलत होती, पण इतकी शांत की सूनबाईचा चेहरा उतरत गेला. भोपळा विषारी कडू आहे, मी पहिला घास थुंकला, कुणी खाल्ला तर उलट्या होतील, म्हातारं माणूस असेल तर जिवावरही बेतेल, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा, असं तिचं सांगणं.

सूनबाईने ढिगात उरलेला एक भोपळा ओढला, मला घुसवलं, फोड जिभेच्या टोकाला लावली. ठीक होता. दुसरा ठीक. तिसऱ्याला तिने तोंड वाकडं केलं आणि जमिनीवर थुंकली. मग ती सावकाश आजींकडे वळली.

"आई, तुम्ही चाखला होता ना?"

आजींनी त्या तिसऱ्या भोपळ्यावरून हात फिरवला.

"मला चव लागत नाही," आजी म्हणाल्या. "तापापासून. काहीच लागत नाही."

मला वाटलं आता सूनबाई फुटणार. पण तिने फोन उचलला. रागवायलासुद्धा त्या बाईकडे वेळ नव्हता.

चाळीस घरं उरली होती. पानगळीत दिवस लवकर मावळतो, सहाला चुली पेटतात. सूनबाई फोन लावायची, दोन वाक्यांत सांगायची आणि क्रमांक मोठ्याने म्हणायची. आजी एप्रनच्या टोकाने फळ्यावरची त्या क्रमांकापुढची खूण पुसायच्या. सात. एकोणीस. चार. कुणी घाबरलं, कुणी हसण्यावारी नेलं, कुणी उलट प्रश्नांची सरबत्ती लावली. "नंतर सांगते, आधी फेकून द्या," हे सूनबाईने किती वेळा म्हटलं ते मी मोजत बसले नाही. एकाने तर भोपळा अजून गाडीच्या डिकीतच असल्याचं सांगितलं, तेव्हा तिने त्याला आशीर्वाद दिल्यासारखं पाहिलं, फोनमधून.

साडेपाचला फळ्यावर एकच खूण राहिली. तेवीस.

तेवीस म्हणजे घड्याळकाका. गावाच्या पलीकडे त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, मागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहतात. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. "काका दिवे लागायच्या आत जेवतात," सूनबाई म्हणाली आणि गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली. किल्ल्या तिच्याच हातात होत्या.

आजी म्हणाल्या, मी येणार. नको म्हणायला सूनबाई थांबलीच नाही. आजींनी सवयीने मला कापडात अर्धवट गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकलं, आणि अशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेताबाहेर पडले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी, डब्यामागून डबा. सूनबाईची बोटं स्टीअरिंगवर वाजत होती. आजी पुटपुटत होत्या, पण देवाचं नाव नव्हतं ते, त्या डबे मोजत होत्या. छत्तिसाव्या डब्यानंतर फाटक उघडलं.

दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. मागच्या खोलीत टेबलावर भोपळ्याच्या सुपाचं वाडगं, तळाशी चमचाभर उरलेलं. काका मोरीच्या दाराशी जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली, चेहरा राखेच्या रंगाचा, समोर बादली. सूनबाईने तिथूनच अँब्युलन्सला फोन लावला. पत्ता दोनदा सांगावा लागला.

"काका, कडू लागलं नाही का हो?" सूनबाईने विचारलं.

"लागलं ना," काका म्हणाले. मध्ये थांबून बादलीवर वाकले, मग पुन्हा टेकले. "चांगलंच कडू लागलं. पण फळ्यावर आजींचं नाव होतं. म्हटलं, माझंच तोंड खराब झालं असेल. म्हणून संपवलं."

माझ्या पात्याला तेव्हा घाम फुटला असता तर मला नवल वाटलं नसतं. एका भल्या माणसाने स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही, तो ठेवला एका नावावर.

आजी भिंतीला धरून खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यांना ते जमत नाही, तरी बसल्या. काकांची मान आपल्या हातावर घेतली आणि दुसऱ्या हाताने बादली धरली.

"तुमचं तोंड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माझं गेलंय. मी खोटं बोलले."

काका पुन्हा बादलीवर वाकले. अँब्युलन्स येईपर्यंतची ती अकरा मिनिटं शंभर घड्याळांनी आम्हाला मोजून दाखवली.

दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. सलाईन, तपासण्या, रक्तदाब खाली. शनिवारी दुपारी परिचारिकेचा निरोप आला की काकांनी पेज मागितली आणि ती बेचव आहे म्हणून तक्रारही केली. ते ऐकून सूनबाई शेडमध्ये आली, क्रेटवर बसली आणि हुंदके देऊन रडली. शेडमध्ये तिला बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

रडून झाल्यावर ती आजींपाशी गेली. मला वाटलं होतं भांडण होईल. तिने एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंत? आजी म्हणाल्या, सांगितलं असतं तर मी इथे कशाला यायचं होतं.

उरलेले सगळे भोपळे खड्डा खणून पुरले. गोड होते तेही. धरलेलं बी आजींनी स्वतःच्या हाताने जाळलं.

पुढच्या गुरुवारी आजी फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या. सूनबाईने समजावलं, मी सांगते ना सगळ्यांना. त्या ऐकेनात. दहा वाजल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच वाक्य सांगितलं, माझी चव उन्हाळ्यात गेली आणि मी लपवलं. कुणी त्यांचा हात दाबला. कुणी मान खाली घालून आत गेलं. दोन कुटुंबांनी सभासदत्व सोडलं. एक बाप लेकराला कडेवर घेऊन आला होता, तो फार वाईट बोलला. आजी म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मी टेबलावरून ऐकत होते आणि माझी धार मलाच टोचत होती.

काका त्या गुरुवारी आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. आजींनी मला हात लावणं सोडलं. पात्यावर गंजाचा पहिला ठिपका पडला. सूनबाई स्वतःच भाज्या चाखायची, दुसऱ्याच एका सुरीने, जिची मूठ प्लास्टिकची आहे. तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

काल हंगामातलं शेवटचं वाटप होतं. झाडं उघडी पडलीत, वाफ्यांवर पेंढा पसरलाय. दोन वाजायला आले तेव्हा काका टोपली घेऊन आले. अर्धे झाले होते. त्यांनी फळा वाचला, गाजराच्या जुडीतलं एक गाजर ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. दोन फोडी केल्या. एक आजींपुढे धरली.

"मला नका देऊ," आजी म्हणाल्या. "वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

आजींनी फोड घेतली. तोंडात टाकली. डोळे मिटले. पाच-सहा सभासद उभे होते, सूनबाई दारात थिजली होती. एक शब्द पुरला असता. छान म्हणाल्या असत्या तर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता, आणि मला वाटतं काही जणांना तेच हवं होतं.

"मला काही कळत नाही," आजी म्हणाल्या. "थंड आहे आणि दाताखाली कुरकुरतंय. बास."

काकांनी आपली फोड सावकाश चावली. "मी सांगतो मग. गोड आहे. पण शेवटी जरा मातीची चव येतेय."

आजींनी डोळे उघडले आणि सुनेकडे पाहिलं. "धुतलं नाहीस ना नीट?"

सूनबाईने जीभ चावली आणि गाजरांचं क्रेट उचलून नळावर गेली. मग आजींनी मला घेतलं, गंजाच्या ठिपक्यावर अंगठा फिरवला आणि दगडावर घासायला बसल्या.

एवढीच माझी गोष्ट. इतक्या वर्षांच्या घासण्याने मी थोडी अरुंद झालेय, पण कापते अजून झकास. कधी या शेडमध्ये आलात तर फळ्यावर काय लिहिलंय ते खुशाल वाचा, पण आधी मला उचला, एक फोड काढा आणि स्वतःच्या तोंडात टाका. कडू लागली तर थुंका आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. पुढे नाव कुणाचंही असो.